इंदू पाण्याला घाबरली नव्हती

इंदू,

ही गोष्ट मी इतकी वर्षं टाळली की टाळण्याचीच सवय होऊन गेली. कोणी विषय काढला की मी पाणी प्यायला उठायचो, खिशातला चष्मा शोधायचो, नाहीतर फोन आल्यासारखं करून अंगणात जायचो. तू बघायचीस आणि शेजारच्या बाईशी दुसरंच काही बोलायला लागायचीस. परवा मात्र मला उठून जायला जागा नव्हती. तुझ्या पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम होता आणि मी पहिल्या रांगेत, तुझ्या फोटोच्या बरोबर समोर बसलो होतो.

मेहरूणच्या आपल्या घरापुढे मांडव घातला होता. वंदना झाली, भन्तेजींनी सूत्रपठण केलं, आणि मग आपल्याकडच्या रीतीप्रमाणे एकेक जण उठून तुझ्याबद्दल बोलू लागला. दीपनगरच्या बालवाडीतल्या तुझ्या मैत्रिणी बोलल्या. तू शिकवलेली एक मुलगी आता स्वतः शिक्षिका झाली आहे, तीही बोलली. मग पंडितभाऊ उठला. पंडितभाऊ म्हणजे पंडितभाऊ. आमच्या दीपनगरच्या वीज प्लँटमध्ये पंचवीस माणसांत उभा असला तरी आवाज त्याचाच यायचा, आणि मयतीच्या घरीसुद्धा चार माणसं हसवल्याशिवाय त्याला आपलं बोलणं पुरं झालंसं वाटत नाही.

"वहिनी फार धीराच्या," तो म्हणाला. "संसारात कशालाच भ्यायल्या नाहीत. भ्यायल्या त्या एकदाच, अंदमानच्या समुद्रात! डोळे असे टमाट्यासारखे लाल करून बाहेर आल्या होत्या. ते बुडालेलं जहाज राहिलं बाजूला, आमच्या मधुकररावांना बायकोलाच वर काढावं लागलं."

लोक ओल्या डोळ्यांनी हसले. पंडितभाऊने माझ्याकडे पाहिलं, खरं ना, अशा अर्थाने. आणि मी मान हलवली. तुझ्या फोटोसमोर बसून मी मान हलवली, इंदू. मिलिंदने माझ्या पाठीवर हात ठेवला. त्याला वाटलं, बाबांना भरून आलं.

आपल्या निवृत्त मंडळाचा अंक निघतो, त्यात तुझ्यासाठी पान ठेवलं आहे असं पंडितभाऊने जाताना सांगितलं. "चार ओळी लिहून द्या, नाहीतर मीच लिहितो," म्हणाला. मी म्हटलं, मी लिहितो. अंक तोच काढतो, त्यामुळे हे सगळ्यांत आधी त्यालाच वाचावं लागेल. बरंच आहे.

तर पहिल्यापासून सांगतो. तुला माहीत आहे, तरी सांगतो, कारण वाचणाऱ्यांना माहीत नाही.

मी निवृत्त झालो त्या हिवाळ्यात आपण प्लँटमधली काही जोडपी अंदमानला गेलो. बाकीच्यांना तुरुंग बघायचा होता, बायकांना मोती घ्यायचे होते. तू मात्र निघायच्या आधीपासून एकच विचारत होतीस, तिथे बुडालेलं जहाज बघायला नेतात म्हणे, ते खरं का? मला वाटलं, टीव्हीवर काही पाहिलं असेल. कारण मी विचारलंच नाही. विमानात तू आपणहून सांगितलंस.

तुझं माहेर शिंदखेडा तालुक्यात, तापीच्या काठावर. नरडाण्याला गाडीतून उतरलं की तुझा चेहरा बदलायचा, इतकं ते गाव तुझ्या अंगात होतं. तिथे तुझ्या आजीच्या काळी आपल्या लोकांना गावच्या विहिरीवर पाय ठेवता येत नसे. कोणी वाढलं तर वरून ओंजळीत पाणी मिळायचं, नाहीतर घागर घेऊन थेट नदीवर. म्हणून तुमच्या घरातली सगळी माणसं नदीची झाली. तू चालायच्या आधी पोहायला शिकलीस असं तुझी आई सांगायची. पाठीला डबा नाही, कमरेला दोरी नाही. आजी घागर भरायची आणि तोवर तुला पाण्यात सोडून द्यायची.

त्या डोहात एक जुनी नाव बुडालेली होती. पोरं बुडी मारून तिला हात लावून यायची आणि मुलींत फक्त तू. "हाताला लागायची," तू विमानात सांगत होतीस, "तिची कड लागायची, शेवाळ लागायचं. पण दिसायची नाही कधी. तापीचं पाणी गढूळ ना. डोळे उघडे ठेवून गेले तरी नुसता चहा. अंदमानचं पाणी काचेसारखं असतं म्हणतात. एकदा पाण्याखालची नाव डोळ्यांनी बघायची आहे मला."

मी खिडकीतून ढग बघत होतो. "बघ की," म्हणालो. मला पोहता येत नाही हे तुला ठाऊक होतं. बाकी कुणालाच नव्हतं. मी आमच्या कोरड्या गावचा. कमरेएवढ्या पाण्यापलीकडे मी जन्मात गेलो नव्हतो. पण बोटीवर, हॉटेलात, जेवताना मी सगळ्यांना ऐकवत होतो की मी बॉयलरच्या ड्रममध्ये एवढ्याशा तोंडातून सरपटत जाऊन काम केलं आहे, मला बंद जागेचं काय भय. पंडितभाऊ म्हणाला, "मग जा ना पाण्याखाली. आम्ही बघतो काठावरून." तिथेच अडकलो.

तो दिवस मला सगळा आठवतो. समुद्र कोमट होता. डिसेंबरात आपल्याकडे आंघोळीला बंब पेटवावा लागतो आणि इथे पाणी असं, जणू कोणी विसाण घालून ठेवलंय. त्यांनी आपल्याला काळे रबरी कपडे दिले. ते अंगात घालताना तू हसून हसून खाली बसलीस. "माय वो, मी ते म्हैस दिखी राह्यनी! डबक्यामधली म्हैस!" आपल्याला शिकवणारा थॉमस नावाचा तरुण होता, त्याला काही कळलं नाही तरी तोही हसला. त्याने उथळ पाण्यात बसवून शिकवलं: श्वास फक्त तोंडातल्या नळीतून घ्यायचा, कान दडपले की नाक दाबून फुंकायचं, मास्कमध्ये थोडं पाणी आलं तर घाबरायचं नाही, नाकाने फुंकलं की निघून जातं. आणि काही झालं तरी एकदम वर पळायचं नाही, श्वास कोंडून तर नाहीच. त्याने छाती फुटते. तू एकदाच ऐकलंस आणि करून दाखवलंस. मी तीनदा विचारलं.

मग छोट्या बोटीतून थोडं आत नेलं. बाकीचे सगळे किनाऱ्यावर, नारळपाणी पीत. दोरी धरून खाली जायचं होतं. जहाज फार खोल नव्हतं, वरूनसुद्धा त्याची काळी सावली दिसत होती. तू पुढे, जहाजाकडे पाठ करून वर मलाच बघत उतरणारी, मी मागे, आणि थॉमस माझ्याजवळ, कारण त्याला कळलं होतं की दोघांत कच्चा कोण आहे.

इंदू, ते जहाज मला दिसलं. हे मी तुला कधी सांगितलं नाही. निळ्या पाण्यातून एकदम त्याची भिंत समोर आली. लोखंड गंजून, त्याच्यावर फुलांसारखं काहीबाही उगवून, मधून पिवळे मासे केळीच्या घडासारखे गठ्ठ्याने फिरत होते. कठडा अजून शाबूत होता. आत, खाली, एक चौकोनी अंधार होता. मला तो अंधार ओळखीचा वाटला. ड्रमच्या तोंडासारखा. पण ड्रममध्ये जाताना बाहेर माझा हेल्पर उभा असायचा, टॉर्च असायचा, पायाखाली पत्रा असायचा. इथे पायाखाली काहीच नव्हतं. तेवढ्यात थॉमस माझ्या पाठीवरची टाकी नीट करायला मागे गेला, माझ्या मास्कमध्ये थोडं पाणी शिरलं, खारट पाणी नाकात गेलं, आणि माझं सगळं शिकलेलं पुसलं गेलं.

मला फक्त वर जायचं होतं. मी दोरी सोडली. तू ते पाहिलंस, वर परत आलीस. मी हाताला लागेल ते धरलं, आणि हाताला लागला तो तुझा मास्क. तो मी ओढून काढला. तो खाली गेला, त्या चौकोनी अंधारात. तोंडातली नळी मी थुंकायला निघालो होतो. ती तू तळहाताने माझ्या तोंडावर दाबून धरलीस. दुसऱ्या हाताने चाचपडत जहाजाचा कठडा पकडलास, म्हणून मी वर उधळलो नाही. तुझे डोळे मिटलेले होते, नाकात पाणी जात असणार, आणि तू श्वास घेत होतीस. शांत, मोजून घ्यावा तसा. तुझे बुडबुडे माझ्या कानाजवळून वर जात होते. ते बघून माझाही श्वास लागला. मग थॉमसने दोघांना धरलं आणि हळूहळू वर आणलं.

तिथे तू मला वाचवलंस. हे एवढं एक वाक्य आहे. ते लिहायला मला म्हातारं व्हावं लागलं.

बोटीत तू डोळे चोळत होतीस. खाऱ्या पाण्याने ते लालभडक झाले होते. तू माझ्याकडे पाहिलंस, मला वाटलं आता बोलशील. तू म्हणालीस, "अहो, लोखंडले हात लागना. पन दिखनं नही." बस. रागाचा एक शब्द नाही. लहानपणीच्या नावेसारखंच झालं होतं, हात लागला आणि दिसलं नाही. या वेळी पाणी गढूळ नव्हतं. या वेळी मी होतो.

किनाऱ्यावर उतरलो तर पंडितभाऊ पाण्यात पुढे आला. त्याने तुझे डोळे पाहिले. "हे काय वहिनी? रडलात की काय?"

तू बोलायच्या आधी मी बोललो. "घाबरली ती. वर आणावं लागलं."

का बोललो, याचं उत्तर मी पुष्कळदा शोधलं. ठरवून नाही बोललो. पण तोंडातून गेल्यावर मी ते परत घेतलं नाही, आणि तिथे ठरवणं आलं. सगळे हसले. तू एकदा माझ्याकडे पाहिलंस, अगदी थोडं. मग तू त्यांच्यात मिसळलीस आणि म्हणालीस, "हो ना, जिकडेतिकडे पाणीच पाणी! माय वो, जीवच गेला होता." आणि टॉवेलने तोंड पुसलंस. किती सहज. बालवाडीतल्या एखाद्या पोराने चड्डी ओली केली तर तू त्याच्या पुढ्यात उभी राहून बाकीच्यांना गाणं म्हणायला लावायचीस, तशीच माझ्या पुढ्यात उभी राहिलीस.

इथवर कदाचित मला माफ करता आलं असतं. भित्रा माणूस भिऊन खोटं बोलला. पण दुपारी थॉमस हॉटेलवर आला. तुझ्यासमोर उभा राहिला आणि म्हणाला, "मैडम, आप तो मछली हो. शाम के पहले फिर चलते हैं. सिर्फ आप. पूरा जहाज दिखाता हूँ." त्याच्या हातात नवा मास्क होता.

तू माझ्याकडे वळलीस. जत्रेला जाऊ देतात की नाही याची वाट बघणाऱ्या मुलीसारखा चेहरा होता तुझा. "जाऊ का मी एकटी? तुम्ही बसा आरामात. तासाभरात येते."

तू गेली असतीस तर हसत परत आली असतीस. पंडितभाऊने विचारलं असतं, काय वहिनी, भीती गेली वाटतं? आणि थॉमस तिथेच उभा असता, त्याला हिंदी येत होती, आणि पंडितभाऊलाही येत होती. हे सगळं मी एका क्षणात पाहिलं. मी थॉमसला म्हणालो, "नहीं, इनकी तबीयत ठीक नहीं."

"माझी? माझ्या तब्येतीला काय झालं?"

"सगळ्यांसमोर तमाशा करायचाय का?" मी खालच्या आवाजात म्हणालो. "एकदा झालं ना? पुरे."

तू थॉमसचे आभार मानलेस. त्याला पिशवीतली आपल्याकडची चिवड्याची पुडी दिलीस. मग खोलीत जाऊन केस धुतलेस. तमाशा हा शब्द मी तुझ्यासाठी आयुष्यात एकदाच वापरला, आणि तो तेव्हा.

पुढे गोष्ट वाढत गेली. दर हिवाळ्यात भुसावळकडच्या शेतात आपली भरताची पार्टी व्हायची. पुरुष कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजायचे, बायका लाकडी बडगीत मिरची-लसूण कुटायच्या, आणि पुऱ्या तळून होईपर्यंत पंडितभाऊ गोष्टी सांगायचा. दर वर्षी अंदमान. दर वर्षी तू थोडी जास्त किंचाळायचीस, मी थोडा जास्त शूर व्हायचो. एका वर्षी तर मी तुला शार्कपासून वाचवलं. "अरे शार्क कुठला?" मी म्हणालो. "बसा हो, विनय दाखवू नका!" पंडितभाऊ म्हणाला. आणि तू म्हणालीस, "शार्क नव्हता भाऊजी, देवमासा होता. शार्कला मी खाल्ला असता." सगळं शेत हसलं. तुझ्यासारखं कोणी वार झेलत नव्हतं, आणि तो वार खरं तर माझ्यावर यायचा होता.

एकदाच कोणीतरी अडवलं. तुझ्या भाच्याच्या लग्नात, तुझ्या माहेरी, मिलिंदने ही गोष्ट हौसेने सांगितली. तुझे थोरले भाऊ ताटावर बसले होते, त्यांनी हातातला घास खाली ठेवला.

"आम्हनी इंदू पानीले भ्यायनी? हाई कोन सांगं?"

"मामा, बाबांनी स्वतः—"

"आरे, गावनी इहीर आम्हले नव्हती. आम्ही बठ्ठा नदीवर वाढनूत. हाई पोर भवऱ्यामा उडी मारे. तिनं नाव खराब नको करू."

ते माझ्याकडे बघत होते, मिलिंदकडे नाही. तू पोळ्यांची चाळण घेऊन मध्ये आलीस. "जाऊ दे ना भाऊ. समुद्र येगळा शे. खारं पाणी." आणि त्यांच्या ताटात दोन पोळ्या जास्त वाढल्यास. तुझे भाऊ पुढे माझ्याशी नीट बोलले नाहीत. गेल्या साली ते गेले. त्यांना कळलं होतं असं मला वाटतं. मी त्या दिवशी फक्त तुझं नाही, तुझ्या आजीचं, त्या घागरीचं, त्या सगळ्या नदीचं खोटं केलं होतं.

पण मला जास्त टोचतं ते आपल्या नातीचं, अनुचं. अनु सात वर्षांची असताना मिलिंद तिला पोहायला घालणार होता. तू स्वयंपाकघरातून हात पुसत आलीस. इतकी खूष होतीस. "क्लास कशाला? मी शिकवते ना. सकाळी मी नेत जाईन तिला."

मिलिंद हसला. वाईट पोरगा नाही तो, पण हसला. "आई, तू? तू तर स्वतःच पाण्याला घाबरतेस. उद्या दोघींना बाहेर काढायला बाबांना पाठवावं लागेल."

अनुही हसली. तू माझ्याकडे पाहिलंस. या वेळी थोडंसं नाही, बराच वेळ. मी पेपर वाचत होतो. पेपर वाचत राहिलो. अनुला क्लासला घातलं, शिकवणारा ओरडायचा, ती आठवडाभरात रडत घरी आली आणि पुन्हा पाण्यात उतरली नाही. आज ती कॉलेजात आहे आणि तिला पोहता येत नाही. आपल्या घरातली नदी तिच्यापर्यंत पोचली नाही, आणि ती अडवून मी धरली होती.

त्या संध्याकाळी मी ओट्याशी येऊन उभा राहिलो. तू कळण्याच्या भाकरी थापत होतीस. मी म्हणालो, "तू का नाही सांगितलंस मिलिंदला? तुला तोंड आहे ना?" बघ, उलट तुझ्यावरच. आपलं हे एकच भांडण अर्धवट राहिलं.

तू भाकरी तव्यावर टाकलीस आणि म्हणालीस, "तुम्हाला आठवतं, तुम्ही कार्ड विसरून घरी आला होतात?"

वाचणाऱ्यांतले प्लँटचे लोक जाणतात, इतरांसाठी सांगतो. एखाद्या यंत्रात उतरून काम करायचं असलं की त्याच्या स्विचवर आपल्या नावाचं लाल कार्ड लावतात. ते लावलेलं असताना कोणी ते यंत्र सुरू करायचं नाही. आणि ते काढायचं फक्त ज्याचं नाव आहे त्यानेच. साहेब असला तरी दुसऱ्याने हात लावायचा नाही, कारण न जाणो, माणूस अजून आत असेल. एकदा मी काम संपवून कार्ड न काढताच क्वार्टरवर आलो. सगळी पाळी खोळंबली. मी जेवायला बसलो होतो, तर दारात जीप. साहेबांनी शिव्या घातल्या नाहीत, फक्त म्हणाले, चला, तुमचं कार्ड काढा. मी पट्ट्यापट्ट्यांच्या पायजम्यात गेलो होतो. तू दारात उभी राहून हसत होतीस.

"आठवतं," मी म्हणालो.

"मग? तिथे ज्यानं कार्ड त्यानीच काढानं ना? मी कसाले हात लावू?" भाकरी उलटलीस. "मी काढलं तर लोक म्हणतील, बायकोनं नवऱ्याला खोटं पाडलं. तुम्ही काढलं तर म्हणतील, माणूस खरा आहे. बघा, कोणतं बरं."

मी म्हणालो, "बघू." हा माझा आवडता शब्द. भाकरी छान झाली होती. मी दोन खाल्ल्या.

मला तेव्हा वाटायचं, तू मला शिक्षा करते आहेस. आता वाटतं, तू माझी वाट बघत होतीस. तुला खात्री होती की हा माणूस कधीतरी उठेल. इतकी वर्षं माझ्यावर विश्वास ठेवणारं दुसरं कोणी मला भेटलं नाही, आणि तो विश्वास मी रोज थोडा थोडा वापरून संपवला. नंतर मिलिंद दोनदा म्हणाला, आई-बाबा, तारकर्लीला जाऊ, तिथेही पाण्याखाली नेतात. मी एकदा बीपीचं कारण दिलं, एकदा गुडघ्याचं. तू दुसऱ्यांदा पिशवी भरायला काढलीही होतीस. मग ती परत माळ्यावर ठेवलीस.

तुझ्या फुफ्फुसांनी साथ सोडली तेव्हा तुझ्या तोंडावर ऑक्सिजनचा मास्क लावला. तो पट्टा तुझ्या कानामागे काचत होता. नर्स म्हणाली, आबा, जरा सैल करा. मी हात पुढे केला. तू डोळे उघडलेस. मास्कच्या आतून, धापा टाकत, पण हसून म्हणालीस, "या बारी ओढशात नको."

नर्सने विचारलं, "काय म्हणतात आजी?"

"काही नाही," मी म्हणालो.

तू अजून काही बोलणार होतीस. हाताने मास्क वर करायला लागलीस. मी तो परत खाली बसवला, "बोलू नकोस, दम लागेल," म्हणालो. डॉक्टरांनी तसं सांगितलंही होतं, पण मी डॉक्टरांसाठी नाही केलं. तू काय बोलशील याची मला भीती वाटली. अजूनही. सत्तरी उलटलेला माणूस, बायको जायला निघालेली, आणि मी भीत होतो. कदाचित तू नुसतं पाणी मागणार होतीस. कदाचित अनुचं काही. ते आता मला कधीच कळणार नाही, आणि ते तसंच असायला हवं. तेवढी शिक्षा मला मिळाली पाहिजे.

त्या दुपारी आपण दोघंच होतो. मिलिंद औषधं आणायला गेला होता. तुझा हात माझ्या हातात होता, तू जागी होतीस, तुला ऐकू येत होतं. वेळ होता. कोणी हसणारं नव्हतं, पंडितभाऊ नव्हता, तमाशा व्हायची सोय नव्हती. मी तुझ्या चादरीच्या सुरकुत्या काढत बसलो. एक झाली की दुसरी. तू बघत होतीस. मग तुझे डोळे मिटले.

त्या वेळी जे बोलायला हवं होतं ते फार नव्हतं. चादरीची एक सुरकुती काढायला लागतो तेवढाच वेळ लागला असता. पंडितभाऊ, मिलिंद, अनु, तुम्हीही ऐका, कारण तुमच्या देखतच तिचं नाव घालवलं आहे मी.

इंदू, पाण्यात घाबरलो तो मी. तू मला धरून ठेवलंस आणि मी वर येऊन तुलाच भित्री केलं. तुला जहाज बघायचं होतं, ते मी तुला बघू दिलं नाही, एकदा भिऊन आणि एकदा ठरवून. माझं चुकलं. मला माफ कर.